जुनी एमएक्स-५ घेताय? आधी पाणी ओतून बघा

माझी पहिली माझदा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटची, कापडी छताची छोटी गाडी, घेताना मी बॉनेट उघडून अर्धा तास इंजिन ऐकलं. इंजिन ठणठणीत होतं. चार महिन्यांनी मागच्या चाकाच्या पुढे रंगाला फोड आला. बोटाने दाबला, तर बोट सरळ आत गेलं. सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी, गंजाने आतून खाऊन गेलेली, वरून पुट्टी आणि ताजा रंग. तेव्हापासून कोणी मला जुनी गाडी दाखवायला नेलं की मी बॉनेटकडे सगळ्यात शेवटी वळतो.

मी बोलतोय ते १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीबद्दल, वर उठणाऱ्या हेडलाइटवाल्या. साधारण टनभर वजन, मागच्या चाकांना ताकद. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं काम कोणताही बरा मेकॅनिक करतो. सिल मात्र कापून नवा पत्रा जोडावा लागतो, आणि पक्कं छत नसलेल्या गाडीची सगळी मजबुती खालच्या पत्र्यावरच असते.

गंजाचं मूळ छतात आहे. कापडी छतावरून उतरलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत जातं आणि नळीतून मागच्या चाकापुढे खाली पडतं. पानं-माती साचून नळी तुंबली की पाणी सिलमध्ये किंवा गालिच्याखाली मुरतं. म्हणून सोबत पाण्याची बाटली न्या. मालकाला विचारून दोन्ही भोकांत हळूहळू पाणी ओता आणि खाली वाकून बघा. लगेच धार पडली तर उत्तम. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही, तर सीटमागचा गालिचा दाबून बघा, नाकही लावा. कुबट वास लपत नाही.

मग पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे पुट्टी आहे. बॉनेटला चुंबक चिकटणार नाही, घाबरू नका. ते ॲल्युमिनियमचं आहे. सिलच्या खालच्या कडा जॅकने चेपलेल्या असतात, तिथेही रंग उडून गंज धरतो.

डिकी उघडा. बॅटरी तिथे असते, आणि ती बंद प्रकारची, बाहेर वाफ सोडणारी नळी असलेलीच हवी. साधी बॅटरी टाकलेली असेल तर तिच्याखालचा पत्रा बघा, ॲसिडने खाल्लेला असू शकतो. छताच्या मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची झिप उघडूनच छत खाली करा. मालक झिप न उघडता छत दुमडताना दिसला, तर बाकी निगा कशी राखली असेल याचा अंदाज येतो.

आता इंजिन, पण थंड असतानाच. आधीच गरम करून ठेवलं असेल तर मी दुसऱ्या दिवशी परत जातो. सुरुवातीला वरून टिकटिक ऐकू आली तर ती बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तेलभरल्या भागांची असते आणि तेल गरम झालं की थांबते. खालून येणारा जड ठोका वेगळा, तो ऐकला की मी निघतो. १९९१ पर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड असतं. तिथे पुली धरून ठेवणाऱ्या चावीची (धातूच्या छोट्या पट्टीची) खाच झिजली की पुली डुलते आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग बिघडतं. इंजिन चालू असताना पुलीकडे टक लावून बघा. डुलणारी पुली दिसली तर गाडी सोडून द्या. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, म्हणून बेल्टचं बिल नसेल तर मी सौदा मोडत नाही, फक्त तेवढे पैसे कमी करायला सांगतो. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असावी. तपकिरी झाली असेल तर ठिसूळ झाली समजा.

चालवताना दुसरा गिअर थंडीत थोडा अडतो, ते चालतं. गरम झाल्यावरही करकरला तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या, गेलेल्या. क्लचचं पेडल खालीच बसत असेल तर स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा छोटा सिलिंडर) गळतोय का पाहा, हे दुखणं या गाडीला नेहमीचं आहे आणि स्वस्तात सुटतं. सरळ रिकाम्या रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंग सैल धरा आणि गाडी एका बाजूला ओढते का बघा. आणि शेवटी छत उघडून खडबडीत रस्त्यावरून न्या, मग थांबून डाव्या-उजव्या दाराच्या फटी बोटाने मोजून बघा. दोन्हींत फरक दिसला, तर खालून परत एकदा सिल बघा.