‘डबल वेडिंग रिंग’ क्विल्ट शिवताना या चुका टाळा

एकमेकांत गुंतलेल्या लग्नाच्या अंगठ्यांची नक्षी असलेले ‘डबल वेडिंग रिंग’ क्विल्ट हे अमेरिकेतल्या घरगुती शिवणकामाचे वैभव आहे. १९२८ पासून तिथल्या वृत्तपत्रांतून या नक्षीचे नमुने छापून येऊ लागले आणि मंदीच्या १९३० च्या दशकात ती घराघरांत पोहोचली. पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील सुती पिशव्या, जुने फ्रॉक, शर्टांच्या उरलेल्या चिंध्या यांतून बायकांनी असंख्य अंगठ्या जोडल्या आणि लेकीसुनांच्या संसाराला दिल्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी ज्या मायेने शिवतात त्याच मायेचे हे काम आहे. पण गोधडीत धावदोऱ्याची चूक पुढच्या ओळीत सांभाळून घेता येते, तशी सवलत या नक्षीत मिळत नाही. इथे खरे काम वळणाच्या शिवणीचे आहे, आणि कापडाच्या वळणाला काटेकोरपणा लागतो.

या क्विल्टमधली चूक होते एका ठिकाणी आणि दिसते दुसऱ्याच ठिकाणी. मधला तुकडा फुगला, म्हणून आपण तो उसवतो, पुन्हा शिवतो, आणि तो पुन्हा फुगतो. कारण दोष त्याच्यात नसून दोन पायऱ्या आधी शिवलेल्या कमानीत असतो. म्हणून खाली सांगितलेली प्रत्येक अडचण उलट दिशेने, म्हणजे दिसते तिथून मागे जात शोधावी.

आधी तुकड्यांची ओळख करून घेऊ. रंगीत चिंध्यांच्या निमुळत्या पाचरी एकापुढे एक जोडून कमान होते. अनेक नमुन्यांत एका कमानीत सहा पाचरी असतात: मधल्या चार एकसारख्या, आणि दोन टोकांच्या वेगळ्या आकाराच्या. दोन कमानींच्या मध्ये बसणाऱ्या होडीच्या आकाराच्या तुकड्याला अमेरिकेत ‘मेलन’ म्हणतात. मी त्याला पाकळी म्हणेन. चारही बाजू आत वळलेला मोठा तुकडा म्हणजे अंगठीचा मध्य. आणि अंगठ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चार छोटे चौकोन येतात, दोन रंगांचे, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून.

मोजदाद न करता कापायला घेणे

पाच अंगठ्या आडव्या आणि सहा उभ्या, असा मध्यम आकाराचा क्विल्ट धरला तर मध्य ३०, पाकळ्या ७१, कमानी १४२ आणि पाचरी ८५२ लागतात. चौकोन १४२ लागतात, पण ते दोन रंगांत निम्मे निम्मे विभागले जात नाहीत. उभ्या पाकळ्या ३६ आणि आडव्या ३५ असतात, आणि प्रत्येक पाकळीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचे चौकोन लागतात, त्यामुळे एका रंगाचे ७२ आणि दुसऱ्या रंगाचे ७० कापावे लागतात. ७१-७१ कापून ठेवणाऱ्याला अगदी शेवटच्या ओळीत एक चौकोन कमी पडतो, आणि तोवर त्या रंगाचे कापड संपलेले असते.

टोकाच्या पाचरींत तर हमखास चूक होते. या पाचरी डाव्या आणि उजव्या अशा दोन प्रकारच्या असतात, एक दुसरीचे आरशातले रूप. चिंध्या सुलट बाजू वर ठेवून एकामागून एक कापत गेल्यास सगळ्या एकाच हाताच्या निघतात. कापडाची सुलट बाजू आत घेऊन ते दुहेरी करावे आणि मग कापावे, म्हणजे प्रत्येक वेळी जोडी मिळते. आपल्या उदाहरणात १४२ डाव्या, १४२ उजव्या आणि मधल्या ५६८ पाचरी होतात. डाव्या-उजव्यांसाठी दोन वेगळे डबे ठेवावेत.

मायेत सुतभर फरक पडणे

सर्वांत जास्त क्विल्ट याच चुकीपायी अर्धवट राहून कपाटात जातात, म्हणून हे सविस्तर सांगते. या कामात शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, पाव इंच धरतात. ब्लाउज किंवा परकर शिवणाऱ्या हाताला माया थोडी जास्त सोडायची सवय असते. कारण पुढे उसवून सैल करता येते. इथे ती सवय नडते. समजा, प्रत्येक शिवणीत माया अर्धा सूत जास्त गेली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड धरले तर एका शिवणीमागे एक सूत कमान आखडते. सहा पाचरींच्या कमानीत पाच शिवणी असतात, म्हणजे एकूण पाच सूत, अर्ध्या इंचाहून जास्त. एवढी आखडलेली कमान पाकळीवर बसवायची म्हणजे पाकळी ओढली जाणार आणि वाटीसारखी खोल होणार. माया उलट कमी गेली तर कमान लांबते, आणि पाकळीच्या कडेने चुण्या पडतात.

यावर उपाय एकच आहे, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. कमानीचा पूर्ण आकार, शिवणीच्या रेषेसह, जाड कागदावर काढून भिंतीला किंवा टेबलाला चिकटवावा. शिवून, दाबून झालेली प्रत्येक कमान त्यावर ठेवून पाहावी. सुतभर आखूड असेल तर दोन-तीन शिवणी उसवून किंचित कमी मायेवर पुन्हा घालाव्यात. लांब असेल तर तेवढ्याच शिवणी किंचित आत घ्याव्यात. माझ्या पहिल्या क्विल्टच्या वेळी मी ४० कमानी एकदम शिवून ठेवल्या आणि मग मापल्या. त्यातल्या एकूण एक आखूड निघाल्या. मशीनच्या सुईपासून पाव इंचावर, सुईखालच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचा थर लावून घेतला आणि त्या थराला कापडाची कड टेकवून शिवले, तेव्हा पुढच्या कमानी कागदावर बरोबर बसू लागल्या. मशीनच्या पायाची रुंदी पाव इंच आहे असे गृहीत धरू नये. एक तुकडा शिवून पट्टीने मोजावे.

इस्त्री फिरवणे

पाचरीच्या कडा पूर्णपणे उभ्या किंवा आडव्या धाग्यात येत नाहीत, त्या तिरप्या असतात, आणि तिरपे कापड ताणले की वाढते. शर्टावर फिरवतो तशी इस्त्री कमानीवर फिरवली तर बरोबर शिवलेली कमानही दोन मिनिटांत लांब होते. इस्त्री उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. वाफ शेवटी द्यावी, आणि गरम कमान हातात घेऊ नये, थंड होईपर्यंत पाटावरच राहू द्यावी. एका कमानीतल्या सगळ्या शिवणी एकाच दिशेला दाबाव्यात. आखूड कमान इस्त्रीखाली ओढून मापाला आणण्याचा मोह अनेकींना होतो; ती पहिल्याच धुण्यात मूळ मापावर जाते आणि सोबतच्या पाकळीला सुरकुत्या पाडते.

वळणाची शिवण टोकाकडून सुरू करणे

कमानीची आत वळलेली कड पाकळीच्या बाहेर वळलेल्या कडेला जोडायची असते. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवल्या की त्या विरुद्ध दिशांना पळतात, आणि इथेच नवख्या हाताला आपण चुकीचे तुकडे घेतले की काय असे वाटू लागते. तुकडे बरोबर असतात. पाकळी आणि कमान दोन्ही मधोमध दुमडून नखाने खूण करावी, खुणेवर खूण ठेवून पहिली टाचणी लावावी, मग दोन्ही टोकांना, आणि त्यानंतर मधल्या जागा भराव्यात. आत वळलेली कड असलेला तुकडा वर ठेवून शिवावे, म्हणजे चुणी तयार होताना डोळ्यांना दिसते. वळण बसत नसेल तर आत वळलेल्या कडेला बारीक काप द्यावेत, पण मायेच्या निम्म्याहून खोल नकोत. कापाचे टोक शिवणीपर्यंत गेले की ते धुण्यात उसवते, आणि तिथे भोक पडते.

पाकळीच्या एका बाजूला नुसती कमान लागते आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांना चौकोन जोडलेली कमान लागते. दुसरी कमान लावताना सगळ्यांत आधी मध्य जुळवावा, आणि लगेच चौकोन व पाचर यांमधली शिवण पाकळीच्या टोकावर आणून तिथे टाचणी ठेवावी. टोक झाकले गेले तर अंगठी तुटल्यासारखी दिसते. पाकळीच्या टोकाला दोन्ही कमानींच्या माया समोरासमोर येतात. त्या एकाच दिशेला पडल्या असतील तर एक उलटवून घ्यावी, म्हणजे त्या एकमेकींत अडकून बसतात आणि गाठ जाड होत नाही.

मध्याला चारही बाजूंनी पाकळ्या लावून ठेवणे

हे काम वेगाने होते, म्हणून अनेक जणी प्रत्येक मध्याला कमानींसह तयार झालेल्या चार पाकळ्या लावतात आणि जोडायच्या वेळी पाहतात तर शेजारच्या दोन अंगठ्यांना एकच पाकळी हवी असते. पहिल्या ओळीतल्या पहिल्या अंगठीला चार पाकळ्या, त्या ओळीतल्या पुढच्या प्रत्येक अंगठीला तीन. खालच्या प्रत्येक ओळीत पहिलीला तीन आणि बाकीच्यांना दोनच. आपल्या ५ × ६ च्या मांडणीत पहिल्या ओळीत १६ आणि पुढच्या पाच ओळींत प्रत्येकी ११, असे मिळून ७१ होतात. जमिनीवर किंवा पलंगावर सगळे मांडून, मोबाइलवर एक फोटो काढून मगच शिवायला बसावे. उभ्या आणि आडव्या पाकळ्यांच्या चौकोनांचे रंग अदलाबदल झाले असतील तर ते फोटोत लगेच लक्षात येते, कापडाजवळ बसून येत नाही.

मध्य जोडताना शिवण कडेपासून कडेपर्यंत न्यायची नाही. सुरुवातीला आणि शेवटी पाव इंच मोकळे सोडायचे, आणि थांबल्या जागी दोन टाके मागे घ्यायचे. चार चौकोन जिथे भेटतात तो बिंदू नीट येण्याचे रहस्य या मोकळ्या पाव इंचात आहे. मी तो बिंदू मशीनवर शिवतच नाही. सुईत दोरा ओवते, एका चौकोनाच्या कोपऱ्यातून सुई काढून समोरच्या चौकोनाच्या कोपऱ्यात घालते, दोरा घट्ट न ओढता चारही टोके एकत्र आणते आणि मगच गाठ मारते. एका बिंदूला दोन मिनिटे लागतात. आतल्या भागात असे २० बिंदू आहेत, आणि पलंगावर अंथरलेल्या क्विल्टकडे पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

कापडाची निवड

जुन्या पिशव्यांपासून शिवणाऱ्या अमेरिकन बायका बहुधा सुती कापडच वापरत, आणि पाया म्हणून, म्हणजे मध्य आणि पाकळ्यांसाठी, मांजरपाटासारखे साधे कापड घेत. ओहायो आणि इंडियानातल्या आमिश, म्हणजे साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, बायकांनी हीच नक्षी बिनछापाच्या कापडांत, काळ्या पायावर शिवली, आणि तिचे रूपच पालटले. सुती कापडाला पर्याय नाही, हे दोन्हींकडे समान आहे.

परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी घरांत आईच्या साड्यांची वेडिंग रिंग शिवायची इच्छा असते, आणि ती इच्छा मला फार जवळची आहे. पण वापरून मऊ झालेली सुती साडी तशीच कापली तर पाचर हातातच वाकडी होते. साडीला आधी घट्ट खळ करून, वाळवून, दाबून घ्यावी. धागा विरलेला असेल तर मागे पातळ चिकट अस्तर लावावे. रेशमी साडी सुती पाचरींत मिसळू नये. दोघींचे आखडणे वेगळे असते, आणि पैठणीच्या जरीवर गरम इस्त्री ठेवणे योग्य नाही. तिचा काठ वापरायचाच असेल तर तो मध्यात वरून टाचून बसवावा, वळणाच्या शिवणीत आणू नये. लाल, निळी आणि गडद हिरवी कापडे कापण्याआधी स्वतंत्र धुऊन, पांढऱ्या कापडावर ओली दाबून पाहावीत. रंग सुटला तर ते कापड पांढऱ्या पायावर ठेवूच नये.

खुणांची शाई

निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणा इस्त्री लागली तर पक्क्या होण्याची शक्यता असते. उष्णतेने नाहीशा होणाऱ्या पेनाच्या खुणा थंडीत पुन्हा दिसू शकतात, आणि थंड प्रदेशात पाठवल्या जाणाऱ्या क्विल्टवर हे घडते. दोन्ही प्रकार उरलेल्या चिंधीवर आधी पाहून घ्यावेत. खडू सर्वांत सुरक्षित.

कड सरळ पट्टीने बांधणे

या क्विल्टची कड सरळ नसते. अंगठ्यांच्या कमानी बाहेर डोकावतात आणि दोन कमानींच्या मध्ये खोल खाच राहते. ज्यांना ही कड अवघड वाटते त्या पूर्ण नक्षी सरळ कापडाच्या चौकटीवर वरून टाचून बसवतात. तसे करण्यात गैर काही नाही, पण अंगठ्यांची हलती कड त्यात हरवते. मूळ कड ठेवायची असेल तर उरेब पट्टी, म्हणजे ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत कापलेली पट्टी, हवी. सरळ धाग्याची पट्टी कमानीवर वळतच नाही, ती उभी राहते आणि क्विल्टची कड बशीसारखी वर येते. पट्टी बाहेरच्या वळणावर किंचित सैल धरावी, ओढू नये. खाचेच्या टोकाला मायेत एक बारीक काप द्यावा, सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचलावा, क्विल्ट फिरवून खाच सरळ ओळीत उघडावी आणि पुढे शिवावे. पट्टी मागे वळवल्यावर खाचेत तिची एक छोटी घडी आपोआप पडते. ती घडी दोन्ही बाजूंनी हाताने दोन-दोन टाके घालून बसवावी.