पुढच्या चाकाचा नकल घरी उतरवणे आणि परत बसवणे

पुढच्या चाकाच्या आत, ब्रेकच्या डिस्कमागे, बहुधा बिडाचा आणि काही गाड्यांत ॲल्युमिनियमचा एक जाड भाग असतो. त्यालाच स्टिअरिंग नकल म्हणतात. त्याच्या वरच्या टोकाला शॉकअब्सॉर्बर, खालच्या टोकाला लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट म्हणजे गोळीचा सांधा, बाजूच्या बाहीला टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत आणणाऱ्या दांड्याचे टोक) आणि पाठीवर ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) जोडलेला असतो. मधल्या भोकात व्हील बेअरिंग आणि हब (ज्यावर चाक बसते तो भाग) बसतात व त्यातून ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला शक्ती देणारा दांडा येतो. बेअरिंग घुरघुरू लागले किंवा चाक मोठ्या खड्ड्यात आदळून नकल वाकला, की तो उतरवावा लागतो. नकलला स्वतःचे हलते असे काहीच नाही, त्यामुळे या कामातले खरे कसब शेजारचे सांधे न दुखावता सोडवण्यात आणि ते ठरल्या ताणाने पुन्हा आवळण्यात आहे. येथे स्विफ्ट किंवा वॅगनआरसारखी, पुढच्या चाकांना इंजिनची शक्ती मिळणारी आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असलेली गाडी गृहीत धरली आहे.

नेहमीच्या पान्यांखेरीज टॉर्क रेंच (ठरवलेल्या ताणापर्यंत आवळता येणारा पाना), एक्सल नटाच्या (शाफ्टचे टोक हबला धरणाऱ्या मोठ्या नटाच्या) मापाचा मजबूत सॉकेट, लांब दांडा, बॉल जॉइंट सोडवण्याचा पुलर, दोन जॅक स्टँड आणि गंज सैल करणारे तेल हाताशी असावे. टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाक आणि स्टिअरिंग यांना धरून ठेवणारे बोल्ट अंदाजाने आवळण्याचे नसतात. ताणाचे आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे निघतात. नवा एक्सल नट आणि नवी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपदरी तारेची खीळ) आधीच आणून ठेवावी. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यासारख्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वापरलेली गाडी असेल, तर सर्व सांध्यांवर आदल्या रात्रीच तेल सोडावे. सकाळचे निम्मे कष्ट त्याने वाचतात.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच हबच्या मध्यावरची टोपी काढून एक्सल नट सैल करावा. या नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती आधी बारीक छिन्नीने उचलून मोकळी केली नाही, तर नटाबरोबर शाफ्टचे आटेही ओरबाडले जातात. नट दीडशे न्यूटन-मीटरहून अधिक, कित्येकदा त्याच्याही बऱ्याच पुढच्या ताणाने आवळलेला असल्यामुळे लांब दांडा लागतो, आणि गाडी जॅकवर असताना असा जोर लावणे धोक्याचे असते. नट आता फक्त सैल करून तसाच ठेवावा. चाकाचे नटही थोडे ढिले करावेत, मग गाडी उचलून कंपनीने नेमून दिलेल्या जागी स्टँड लावावा आणि काढलेले चाक दाराखालच्या पत्र्याखाली सरकवून ठेवावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये.

पहिल्यांदा एबीएस सेन्सरकडे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी चाकाचा वेग मोजणाऱ्या भागाकडे) लक्ष द्यावे. छोटा बोल्ट निघाल्यावर सेन्सर हाताने हलला तर उत्तम. गंजाने घट्ट बसला असेल तर त्याला पकडीने पिळू नये, कारण त्याचे प्लास्टिकचे अंग सहज तुटते. अशा वेळी वायरीचा जोड वर सोडवून, क्लिपा काढून, सेन्सर नकलबरोबरच बाहेर घ्यावा. मग ब्रेकच्या होजची (रबरी नळीची) क्लिप काढावी आणि कॅलिपरच्या ब्रॅकेटचे मागचे दोन बोल्ट सोडवून कॅलिपर ब्रॅकेटसह उतरवावा. तो होजवर लोंबकळत न ठेवता जाड तारेने स्प्रिंगला टांगावा, आणि तो उतरलेला असताना ब्रेकचे पेडल कोणी दाबणार नाही याची काळजी घ्यावी. डिस्क हबला चिकटलेली असेल तर बऱ्याच डिस्कवर आट्यांची दोन भोके दिलेली असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ती न ठोकता सुटते.

आता टाय रॉड एंड. स्प्लिट पिन काढून कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) सोडवावा, पण तो शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे सांधा सुटताना झटक्याने उडत नाही. याचा दांडा निमुळता असून नकलच्या बाहीतल्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतो. पुलर लावून ताण द्यावा आणि बाहीच्या बाजूवर, भोकाच्या अगदी कडेला, हातोडीचे दोन नेमके घाव द्यावेत. आट्यांवर किंवा रबरी बुटावर कधीही मारू नये. काट्यासारखे दुहेरी टोक असलेले हत्यार झटपट काम करते, परंतु ते बूट फाडते, आणि फाटक्या बुटातून पाणी व धूळ आत गेलेला जॉइंट फार दिवस टिकत नाही. जुनाच जॉइंट परत वापरायचा असेल तर ते हत्यार टाळावे.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट या वर्गातल्या अनेक गाड्यांत एका आडव्या बोल्टने धरलेला असतो, आणि तो बोल्ट जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो. त्यामुळे नुसते सैल करून भागत नाही, बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. नकलची चीर पाचरीने किंचित उघडून लांब पहारीने आर्म खाली दाबला की दांडा सुटतो. चीर अति उघडू नये, कारण बीड ताणाखाली तडकते. काही गाड्यांत मात्र येथेही टाय रॉडप्रमाणेच निमुळता दांडा आणि नट असतो. तिथे पुलरच वापरावा.

वरचे दोन स्ट्रट बोल्ट काढण्यापूर्वी नकल आणि स्ट्रट यांच्या मिळत्या कडेवर रंगाची रेघ ओढावी. या जोडात थोडी मोकळीक असते आणि चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल) तिच्यावर अवलंबून राहतो. बोल्टच्या डोक्याखाली कंगोरे असले तर बोल्ट स्थिर धरून नट फिरवावा. दोन्ही बोल्ट निघाले की नकल हाताने धरावा, एक्सल नट पूर्ण काढावा आणि शाफ्टच्या टोकावर लाकूड ठेवून हलके ठोकत शाफ्ट आत सरकवावा. इथे नकल बाहेरच्या बाजूला ओढताना शाफ्ट त्याच्यासोबत ओढला जाऊ देऊ नये. आतल्या टोकाचा सांधा निसटला किंवा शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर आला, तर ऑइल सांडते आणि कामाचा व्याप दुप्पट होतो. सुटलेला शाफ्टही तारेने आडवा टांगून ठेवावा.

नकल हातात आल्यावर तो साफ करून भोके, बाह्या आणि बेअरिंगची बैठक नीट पाहावी. तडा दिसला किंवा दुसऱ्या बाजूच्या नकलशी ताडून बाही वाकलेली आढळली, तर नवा भाग घ्यावा; वेल्डिंग करून किंवा तापवून सरळ केलेला नकल गाडीला लावू नये. बेअरिंग बदलायचे असल्यास नकल हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा. नवे बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर, आणि हब घालताना आधार आतल्या रिंगला असला पाहिजे, नाहीतर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडून नवे बेअरिंगही आवाज करू लागते. काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे, आणि तिच्याजवळ लोहचुंबक नेऊ नये.

बसवताना शाफ्टचे दाते स्वच्छ करून तो हबमध्ये सरकवावा, नकल स्ट्रटला दोन बोल्टांनी सैलसर टांगावा, आर्म खाली दाबून बॉल जॉइंट भोकात पूर्ण बसवावा आणि आडवा बोल्ट खाचेतून हाताने आरपार जातो का ते पाहावे. बोल्ट ठोकून घालावा लागत असेल तर जॉइंट अजून वर बसलेला नाही, हे ओळखावे. स्ट्रटची रेघ जुळवून बोल्ट ठरल्या ताणाने आवळावेत. टाय रॉडचा निमुळता दांडा आणि भोक कोरडे पुसून घ्यावे. नट आवळताना दांडा जागीच फिरू लागला तर तो भोकात रुतेल असा हलका दाब द्यावा. ठरला ताण आल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळावा, मागे कधीही फिरवू नये.

डिस्क, कॅलिपर, होजची क्लिप आणि सेन्सर परत लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि होजला पीळ किंवा ताण पडत नाही ना ते पाहावे. एक्सल नट न आवळता गाडीचे वजन चाकावर सोडू नये, कारण बेअरिंगच्या आतल्या रिंगा या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेल्या असतात. त्यासाठी दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा, चाक हवेत असताना नवा नट चांगला घट्ट करावा, मग चाक लावून गाडी खाली घ्यावी आणि शेवटचा ताण द्यावा. त्यानंतर नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने घ्यावी. वळताना खट्खट् आवाज आला किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर परत येऊन प्रत्येक सांधा तपासावा. रेघ कितीही अचूक जुळवली असली तरी त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, आणि साधारण १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने पाहावेत.