दालातचा वीकेंड: बेत आखताना या चुका टाळा

सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटी, ते व्हिएतनाममधलं थंड हवेचं दालात हे अंतर साधारण 300 किलोमीटर. एवढं पाच तासांत होईल असा हिशेब मांडला जातो आणि वीकेंडचा बेत तिथेच फसतो. वीस क्रमांकाचा महामार्ग गावागावांतून जातो, मग बाओ लोक घाट लागतो आणि ट्रकांच्या मागे गाडी रांगत राहते. बसला सहा ते आठ तास धरायचे. येण्याजाण्यात चौदा-पंधरा तास गेले की हातात काय उरतं ते बघून मगच ठिकाणांची यादी करा.

रात्रीची बस, पण किती वाजताची?

शुक्रवार रात्रीची स्लीपर बस हा उपाय चांगलाच आहे. चूक होते ती वेळ निवडताना. नऊ-दहाला सुटलेली बस पहाटे चारच्या सुमारास तुम्हाला 1,500 मीटर उंचीवर उतरवते. बाहेर अंधार, अंगात थंडी, आणि खोली मिळणार दुपारी. अकरानंतरची बस घ्या, पहाटे पोहोचत असल्याचं हॉटेलला आदल्या दिवशी कळवा. सामान ठेवून घ्यायला बहुतेक जण तयार असतात. स्वेटर डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी हवा. घाटात पोट ढवळत असेल तर गोळी बस सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

तिकिटावर मिएन दोंग बसस्थानक लिहिलं असेल तर जुनं की नवं ते नक्की विचारा. नवं स्थानक 2020 मध्ये थू दुक भागात सुरू झालं आणि ते शहराच्या मध्यापासून बरंच लांब आहे. चुकीच्या स्थानकावर उभं राहून बस गेलेली बघायची नसेल तर हा प्रश्न तिकीट काढतानाच विचारायचा. दालातला उतरल्यावर बऱ्याच बस कंपन्यांची छोटी गाडी हॉटेलपर्यंत सोडते, तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात शिरण्याआधी चौकशी करा.

विमानाचा प्रवास तासाभराचाही नाही, पण लिएन खुओंग विमानतळ शहरापासून 30 किलोमीटरवर आहे. दोन्हीकडचे विमानतळ धरले तर अर्धा दिवस जातोच. तरीही दोनच दिवस असतील तर निदान एका बाजूने विमान घ्यावं असं माझं मत.

रेल्वेचा विचार मात्र सोडा. नकाशावर दालातचं स्टेशन दिसतं. 1930 च्या दशकातली ती फ्रेंच धाटणीची इमारत बघण्यासारखीही आहे. पण खाली थाप चामपर्यंत उतरणारा दातेरी रुळांचा घाटमार्ग व्हिएतनाम युद्धाच्या काळात बंद पडला. आता गाडी जाते ती 7 किलोमीटरवरच्या त्राय मातपर्यंत. तिथला लिन्ह फुओक पॅगोडा फुटक्या काचांच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. एका सकाळीपुरती ही फेरी छान.

पाऊस आणि दरडी

मे ते ऑक्टोबर पावसाळा. सकाळ बहुतेकदा उघडी असते, सर येते दुपारी. म्हणून धबधबे आणि डोंगर सकाळी उरका. व्हिएतनामचा शेवटचा बादशहा बाओ दाय याचे वाडे, क्रेझी हाउस नावाची चित्रविचित्र आकाराची इमारत, कॅफे दुपारसाठी ठेवा. उशिरा उठून आधी कॅफेत रमणारे नेमके दातान्ला धबधब्यावर भिजतात.

दरडीचा धोका गंभीर आहे. जुलै 2023 मध्ये बाओ लोक घाटात दरड कोसळून माणसं गेली, तर नोव्हेंबर 2025 मध्ये किनाऱ्यावरच्या न्हा त्रांग शहराकडून येणाऱ्या खान्ह ले घाटात धावत्या बसवरच दरड आली. मुसळधार पाऊस लागला असेल तर मुक्काम वाढवा, रात्रीचा घाट नको. रविवार रात्रीच्या बसने उतरून सोमवार सकाळचं मुंबईचं विमान पकडायचं हे गणित तर कोरड्या महिन्यांतही करू नये. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

चारी दिशांना धावाधाव

उत्तरेला लांगबियांग, दक्षिणेला दातान्ला, त्रुक लाम मठ आणि तुयेन लाम तलाव, पूर्वेला त्राय मात आणि चहा-कॉफीचं काउ दात, नैऋत्येला 30 किलोमीटरवर हत्ती धबधबा. अर्ध्या दिवसाला एकच दिशा घ्या. लांगबियांगचं शिखर 2,167 मीटर उंच आहे, पण जीप जाते ती 1,929 मीटरच्या रडार टेकडीपर्यंत. शिखर गाठायचं तर पायी चढावं लागतं, आणि त्यात दिवसाचा मोठा भाग जातो. लांगबियांगच्याच पठारावर 1893 मध्ये अलेक्झांडर येर्सिन पोहोचला आणि त्यातून पुढे फ्रेंचांचं हे थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. प्लेगचा जंतू शोधणारा तोच येर्सिन 1897 मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आपलं सीरम घेऊन आला होता.

फोटोतलं धुक्यातलं पाइनचं जंगल सगळीकडे असेल ही अपेक्षाही ठेवू नका. शहराभोवतीच्या उतारांवर मैलोन्‌मैल पॉलिहाउस आहेत. फुलं आणि भाजीपाला हा इथला मुख्य धंदा, त्याला इलाज नाही.

दालात म्हणजे सायगॉनकरांचं महाबळेश्वर, स्ट्रॉबेरीसकट. 30 एप्रिल–1 मे, 2 सप्टेंबर आणि तेत (चांद्र नववर्ष) या सुट्ट्यांना तिकडे फिरकू नका. जमलं तर वीकेंड सोडून मंगळवार-बुधवारच गाठा.

स्कूटर, खोली, जेवण

स्कूटर भाड्याने सहज मिळते, परवाना कुणी विचारतही नाही. अडचण येते अपघात झाल्यावर. व्हिएतनाममध्ये 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. आपल्या पुस्तिकेवर कोणत्या कराराचं नाव आहे ते घरीच वाचा, कारण वैध परवाना नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते. दारू पिऊन चालवण्याला तिथे थोडीही सूट नाही, एका बिअरचाही दंड होतो. शहरात ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलावायची टॅक्सी, मिळते, ती पुरेशी आहे.

खोलीत एसी नाही म्हणून तक्रार करू नका, इथे तो बहुतेक हॉटेलांत नसतोच. स्वस्त खोलीला खिडकी आहे का, हे मात्र बुकिंगआधी बघा. पावसाळ्यात बिनखिडकीची खोली कुबट होते.

शाकाहारी असाल तर नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, भाजीतही न्वोक माम, म्हणजे माशाचं सॉस, पडतं. पाटीवर "चाय" लिहिलेली खानावळ शोधा, तिथे सगळं शाकाहारी असतं. रात्रीच्या बाजारातल्या भाजलेल्या बान्ह त्रांगवर, म्हणजे तांदळाच्या पातळ पापडावर, बहुधा सुकी कोळंबी आणि अंडं असतं. गरम सोया दूध आणि अवाकाडो आइस्क्रीम बिनधास्त घ्या.

व्हिसा आणि नोटा

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एकदा प्रवेशाचे 25 डॉलर. तसाच चेहरामोहरा असलेली खासगी संकेतस्थळं जास्त घेतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं असतात. पासपोर्टवर ती जशी विभागली आहेत तशीच भरा. विमान मध्यरात्रीनंतर उतरत असेल तर व्हिसाची तारीख उतरण्याच्या दिवसाची हवी, निघण्याच्या नव्हे.

आणि 20,000 व 500,000 डाँगच्या नोटा, दोन्ही निळ्या. एका रुपयाला साधारण 300 डाँग धरले तर ही चूक सोळाशे रुपयांची होते. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, रात्रीच्या बाजाराच्या पिवळ्या दिव्यांत तर नक्कीच.