पॅलेटवर खोके रचण्याचा हिशेब, पावसाळा धरून

पॅलेट (खोके रचून फोर्कलिफ्टने उचलायचा फळ्यांचा चौथरा) कसं भरायचं हे खोक्यांची ऑर्डर देण्याआधी ठरवा. खोके छापून आले की माप बदलता येत नाही, आणि मग दर पॅलेटमागे एकेक खोका कमी बसत राहतो.

उदाहरणाला काजूच्या पाकिटांचा खोका घेऊ: ४०० × ३०० मिमी, उंची २५० मिमी, भरून वजन १२ किलो. पॅलेट १२०० × १००० मिमीचं. लांबीला ४०० चे तीन आणि रुंदीला ३०० चे तीन लावले तर थरात ९ खोके बसतात, १०० मिमीची पट्टी वाया जाते. सगळे फिरवून लावले तर ८च. पण रुंदीचे १००० मिमी ४०० + ३०० + ३०० असे वाटा. एका ओळीत चार खोके (३०० ची बाजू लांबीला), उरलेल्या दोन ओळींत तीन-तीन. झाले १०, आणि पॅलेट काठोकाठ भरलं.

अडचण या काठोकाठमध्येच आहे. भरलेला खोका फुगतो. प्रत्येकी ५ मिमी फुगला तरी तीन खोक्यांत १५ मिमी होतात आणि कडेचा खोका पॅलेटबाहेर जातो. खोक्याचं वजन पेलतात ते त्याचे चार कोपरे. कोपऱ्याखाली फळी नसली की तो दबतो आणि वरचा सगळा थर कलतो. म्हणून खोक्याचं बाहेरचं माप ३९५ × २९५ मिमी मागवा: ११८५ × ९८५ मिमीचा थर आरामात बसतो. माप नेहमी माल भरलेल्या खोक्याचं घ्यावं, रिकाम्याचं नव्हे. पॅलेटच्या फळ्यांमधल्या फटींवरही कोपरा येतो, तेव्हा तळाला जाड पुठ्ठ्याचा एक तक्ता आधी अंथरा.

आता थर एकावर एक कसे ठेवायचे? विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून रचायची बऱ्याच लोडरांची सवय असते. ढीग हलत नाही हे खरं, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मधल्या भागावर पडतो आणि दाब सोसण्याची ताकद जवळपास निम्मी होते. आमचं मत स्पष्ट आहे: सगळे थर हुबेहूब एकाच रचनेत ठेवा, कोपऱ्यावर कोपरा. फक्त सर्वांत वरचा थर १८० अंशांत फिरवा. त्याच्यावर वजन नसतं, त्यामुळे नुकसान होत नाही आणि खालचे स्तंभ एकमेकांना बांधले जातात.

उंची तळच्या खोक्यावरून ठरते. सात थर म्हणजे १७५० मिमी, पॅलेटचे साधारण १५० धरून १९०० मिमी. तळच्या खोक्यावर सहा खोके, म्हणजे ७२ किलो. पुठ्ठ्याची ताकद याच्या पाचपट तरी हवी, म्हणजे ३६० किलो. पुरवठादाराकडून दाबचाचणीचा आकडा लेखी घ्या. हे पाचपट अवाजवी नाही. दीर्घकाळचा भार, अनमोड किंवा चोर्ला घाटातले हादरे आणि ओलावा, तिन्ही त्यातूनच वजा होतात. जुलैत गोव्यातल्या गोदामात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते, तेव्हा साधा पुठ्ठा ताकद निम्म्यापर्यंत गमावू शकतो. तुमच्या खोक्याचा आकडा काठावर असेल तर जून ते सप्टेंबर एक थर कमी करा. दहा खोके मागे राहणं, तळचा थर बसून सत्तर खोके परत येण्यापेक्षा स्वस्त पडतं.

लाकडी पॅलेट ओलं असेल तर तळचे खोके खालूनही भिजतात, म्हणून पॅलेट शेडबाहेर ठेवू नका. निर्यातीसाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं आणि त्यावर 'एचटी'चा (हीट ट्रीटमेंट) शिक्का हवा.

मग गुंडाळणं. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावा. स्ट्रेच फिल्मचे (ताणून गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकचे) पहिले तीन वेढे खोक्यांबरोबर पॅलेटच्या वरच्या कडेलाही घ्यायला हवेत, नाहीतर ढीग पॅलेटवरून जसाच्या तसा सरकतो. वर चढताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यावा, माथ्यावर पुन्हा तीन. फोर्कलिफ्टच्या काट्यांच्या खाचा मात्र मोकळ्या राहू द्या. भट्टीतून आलेला गरम माल लगेच गुंडाळला की आत दव धरतं. तो आधी थंड होऊ द्यावा.

वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५९०० मिमी, रुंदी २३५० आणि दाराची उंची २२८० मिमी असते. एका रांगेत पाच आडवी (१००० ची बाजू कंटेनरच्या लांबीला) आणि दुसरीत चार उभी (१२०० ची बाजू लांबीला) ठेवली तर ९ पॅलेट मावतात. दहावं बसवायचं तर प्रत्येक रांगेत उभं-आडवं आलटून पालटून लावा: डाव्या रांगेची सुरुवात उभ्याने, उजवीची आडव्याने. एक उभं आणि एक आडवं अशा दोन जोड्यांत ४४०० मिमी संपतात, उरलेल्या १५०० मध्ये दोन पॅलेट उभी. त्यासाठी चारही बाजूंनी काटा शिरणारं पॅलेट लागतं. आठवा थर इथे चढवू नका: २१५० मिमीचा ढीग काट्यांवर १०० मिमी उचलला की दाराच्या चौकटीखाली जेमतेम ३० मिमी उरतात. बाजूच्या फटींत हवेच्या पिशव्या फुगवून बसवा आणि दाराकडच्या शेवटच्या दोन पॅलेटना पट्ट्याने ओढून बांधा.