उत्तरपत्रिका तपासताना या चुका टाळा

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकानंतर नियामकाची नजर फिरते आणि निकाल लागल्यावरही छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. सोलापूर जिल्ह्यासाठी हे काम राज्य मंडळाचा पुणे विभाग पाहतो. आठवी-नववीच्या घटक चाचणीच्या किंवा सत्र परीक्षेच्या गठ्ठ्याला मात्र असे दुसरे डोळे नसतात. शिक्षकाने दिलेला गुण बहुधा तसाच निकालपत्रकात जातो, आणि म्हणूनच शाळेतील तपासणीत अधिक सावध राहणे आवश्यक आहे.

सर्वांत मूलभूत चूक म्हणजे नमुना उत्तरे आणि गुणदान योजना हाताशी नसताना पहिला पेपर उघडणे. ‘विषय आपणच शिकवला आहे, उत्तर वाचले की गुण कळतात’ हा विश्वास फसवा असतो. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा त्याच एका पेपरला १०० पैकी तिसाच्या आतपासून नव्वदीच्या वरपर्यंत गुण मिळाले. गणितात उत्तर बरोबर किंवा चूक एवढेच असते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य लक्षात ठेवावा. कोणत्या पायरीला किती गुण, मांडणीला किती आणि एककाला किती हे आधी ठरलेले नसले, की प्रत्येक जण आपल्या सवयीने गुण देतो.

पायऱ्यांचे गुण देताना एकाच चुकीची शिक्षा दोन-तीनदा होते, हेही नेहमी दिसते. समजा, क्ष + य = १४ आणि क्ष − य = २ ही समीकरणे तीन गुणांना सोडवायची आहेत: मिळवणीला एक, क्ष ची किंमत काढण्याला एक आणि य च्या किमतीला एक. विद्यार्थ्याने मिळवणी करताना २क्ष = १६ ऐवजी २क्ष = १२ लिहिले, त्यावरून क्ष = ६ काढले आणि पहिल्या समीकरणात ती किंमत घालून य = ८ मिळवले. अंतिम उत्तर चुकले म्हणून इथे शून्य देणे अन्यायाचे आहे. मिळवणीचा गुण गेला. भागाकार आणि किंमत घालण्याची रीत मात्र त्याला येते, तेव्हा उरलेले दोन गुण त्याचेच आहेत.

सोलापुरात ज्या चुकीकडे विशेष लक्ष द्यायला हवे, ती भाषेची. पूर्व भागातील अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या मुलांच्या घरी कन्नड आणि शहरातील कित्येक घरांत उर्दू किंवा दखनी. यातील बरीच मुले शाळेत मराठी माध्यमातून शिकतात. ढग कसे तयार होतात, या दोन गुणांच्या प्रश्नाला एखादा मुलगा लिहितो, ‘उन्हाने पाणीची वाफ होतो, वर जाऊन थंड होतो आणि बारीक थेंब मिळून ढग बनतो.’ लिंग चुकले आहे, विभक्ती चुकली आहे. पण बाष्पीभवन, वर जाऊन थंड होणे आणि थेंब बनणे हे तिन्ही मुद्दे उत्तरात आहेत. विज्ञानाच्या पेपरात या उत्तराला दोनपैकी दोन गुण द्यायला हवेत. वाक्य खटकले म्हणून अर्धा गुण कापला, तर तो कोणत्या चुकीसाठी कापला हे आपल्याला गुणदान योजनेत दाखवता येणार नाही. मराठीच्या पेपरात, जिथे शुद्धलेखनाला गुण ठेवलेले आहेत, तिथे ते जरूर कापावेत आणि चूक दुरुस्त करून दाखवावी. हस्ताक्षराचेही असेच आहे: वळणदार अक्षर आशयाची उणीव झाकते आणि गिचमिड अक्षरात बरोबर उत्तर हरवते.

नाव पाहून तपासणे ही याच चुकीची दुसरी बाजू होय. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, त्यामुळे तपासणाऱ्याला विद्यार्थी कळत नाही. शाळेत पहिले पान मागे दुमडून ठेवले तरी पुष्कळ काम होते. हुशार म्हणून ठाऊक असलेल्या मुलीचे मोघम उत्तरही आपण नकळत पूर्ण करून वाचतो. मागच्या बाकावरच्या मुलाला ती सवलत मिळत नाही.

एक पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मग दुसरा, या क्रमाऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे तपासावे. दर प्रश्नानंतर गठ्ठा खालीवर करावा, म्हणजे फार चांगल्या पेपरानंतर आलेला साधा पेपर दर वेळी त्याच मुलाचा राहत नाही. एप्रिलच्या उन्हात, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, भर दुपारी निबंध आणि दीर्घोत्तरे तपासू नयेत. ती सकाळी घ्यावीत आणि जोड्या लावा, रिकाम्या जागा दुपारी.

तपासून झाल्यावर बेरीज पुन्हा करावी, पुरवणीतील गुण मुखपृष्ठावर आले का ते पाहावे आणि एकही उत्तर खुणेविना राहू देऊ नये. ‘कोणतेही दोन’ असताना तिन्ही सोडवले असतील तर काय करायचे, हे विषयशिक्षकांनी आधीच मिळून ठरवावे.

तरीही अडचणी येतात. निम्मा गठ्ठा झाल्यावर आपण फार कडक तपासतो आहोत असे जाणवले, तर पुढच्यांना सैल सोडण्याऐवजी पहिल्या पेपरापासून तो प्रश्न पुन्हा पाहावा. जवळजवळ सगळ्या वर्गाचा एकच प्रश्न चुकला असेल, तर आधी प्रश्नाची भाषा तपासावी. प्रश्नच सदोष निघाला तर सर्वांना सारखा न्याय द्यावा. गुण बदलायचे झाल्यास जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहावा आणि सही करावी.

आणि पेपर मुलांच्या हातात द्यावेत. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. वर्गात तर त्यासाठी अर्जाचीही गरज पडू नये. गुणदान योजना फळ्यावर लिहून मुलांना आपापली बेरीज करू द्यावी, शंका विचारायला एक तास ठेवावा, आणि निकालपत्रकात गुण त्यानंतरच भरावेत.