ऑईल बदललं, पण गेज कधी बघितलं?

रोहिणी लागल्या की ट्रॅक्टरवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते. नांगरट होऊन ढेकळं तापलेली असतात, रोटाव्हेटर मारायचा राहिलेला असतो आणि मृगाच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत, रान पेरणीला तयार हवं असतं. बहुतेक ट्रॅक्टरांचं इंजिन ऑईल याच आठवड्यात बदललं जातं आणि ते बरोबरच आहे. उन्हाळभर नांगर ओढलेल्या इंजिनाला जुन्या ऑईलवर पेरणीत उतरवू नये. ऑईल कोणतं घालावं, किती तासांनी बदलावं, हे दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. (ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते ऐका, बाकी सोडा.) बदलल्यावर गेजवर, म्हणजे इंजिनातलं ऑईल मोजायच्या खुणांच्या काडीवर, पातळी कशी तपासायची, ते मात्र कुणी सांगत नाही आणि घोळ नेमका तिथंच होतो. म्हणून या वेळचा सल्ला तेवढ्यापुरताच.

सगळ्यात मोठी चूक डब्यापासून सुरू होते. दुकानातून साडेसात लिटरचा डबा आणला, जुनं ऑईल सोडलं, नवा डबा पालथा केला, झालं काम. पण तुमच्या इंजिनाला साडेसातच लागतं हे कुणी ठरवलं? ३५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरांना साधारण ६ ते ८ लिटर लागतं, नक्की आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. काही पुस्तिकांत दोन आकडे असतात, फिल्टर बदलला तर एक आणि नाही बदलला तर दुसरा. शिवाय जुनं ऑईल सगळं निघालं होतं का, हाही प्रश्न असतो. इंजिन थंड असताना किंवा ट्रॅक्टर कलता असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, नट काढला, तर तळाशी बरंच काळं ऑईल राहून जातं. त्यावर पूर्ण डबा ओतला की पातळी खुणेच्या वर गेलीच म्हणून समजा. म्हणून इंजिन दहा मिनिटं चालवून, ऑईल कोमट-गरम झाल्यावर नट काढा. हात भाजणार नाही एवढं बघा. धार संपल्यावरही वीस मिनिटं थेंब गळू द्या. घाईत असलेला माणूस धार थांबली की लगेच नट लावतो.

आता जागा. ऑईल बांधावर किंवा रानात बदलू नका, आणि गेज तर तिथं मुळीच बघू नका. डिपस्टिकला आपल्याकडं कुणी गेज म्हणतं, कुणी काडी. तिच्यावरच्या दोन खुणा ट्रॅक्टर सपाट जागी उभा आहे असं धरूनच कोरलेल्या असतात. साधा हिशेब करून बघा. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा फुटांचं अंतर धरलं आणि पुढची चाकं अर्धा फूट खाली असली, तर दोन फूट लांबीच्या चेंबरात एका टोकाची पातळी दुसऱ्यापेक्षा दोन इंच वर जाते. गेज पुढच्या टोकाला असेल तर भरलेलं दिसेल, मागं असेल तर कमी दिसेल. ऑईल मात्र तेवढंच. एक चाक नांगराच्या तासात आणि एक वर, अशा अवस्थेत गेज ओढून बघणारे मी पुष्कळ पाहिलेत. अंगण सपाट आहे का ते कळायला तांब्याभर पाणी ओता. पाणी एकीकडं पळालं तर जागा बदला. औजार जोडलेलं असेल तर ते जमिनीवर टेकवून ठेवा, चाकांना दगड लावा.

नवा फिल्टर बसवताना जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन रबरं बसली की इंजिन चालू होताच ऑईलची पिचकारी उडते. नव्या रबराला बोटानं ऑईल लावा, रबर टेकल्यावर हातानंच आणखी पाऊण फेरा आवळा. पान्हा लावून पिळू नका. फिल्टर उभा, तोंड वर करून बसत असेल तर आधी त्यात ऑईल भरून घ्या. चेंबरच्या नटाचा तांब्याचा वॉशर दबलेला असेल तर नवा घाला, चार पैशांची वस्तू आहे.

मग भरायचं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा एक लिटर कमी ओता आणि थांबा. ऑईल वरच्या झाकणातून जातं, तिथून खाली चेंबरात उतरायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी गेज बघा, मग पाव-पाव लिटर घालत वरच्या खुणेपर्यंत या. पहिलं बघणं झालं, पण ते खरं नाही. नवा फिल्टर आधी भरला नसेल तर तो रिकामा आहे, इंजिनातल्या ऑईलच्या वाटाही रिकाम्या झाल्या आहेत. गेजवर जे दिसतंय त्यातलं काही अजून त्या जागा भरायला जाणार आहे.

आता इंजिन चालू करा, पण लगेच रेस देऊ नका. बंद करायची दोरी ओढून धरता येत असेल, तर पाच-सात सेकंद नुसता सेल्फ मारा, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑईल पोचेल. मग चालू करा. ऑईल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे किंवा काटा चढला पाहिजे. दहा सेकंद झाले तरी दिवा पेटलेलाच असेल तर ताबडतोब बंद करा, ‘होईल आपोआप’ म्हणून वाट बघू नका. दिवा विझला तर तीन-चार मिनिटं स्लोवर चालू द्या. तेवढ्यात खाली वाकून फिल्टरपाशी आणि नटापाशी ओल आहे का बघा.

बंद केल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. चहा घ्या. हा वेळ वाया जात नाही. वरच्या भागात उडालेलं ऑईल खाली निथळायला तो लागतोच, आणि पाच मिनिटांत गेज ओढलं तर पातळी कमी दिसते. मग माणूस आणखी अर्धा लिटर ओततो, आणि संध्याकाळी बघतो तर खुणेच्या वर. पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पातळी पहिल्यापेक्षा खाली आलेली दिसेल. घाबरू नका, ते फिल्टरात आणि ऑईलच्या वाटांत गेलंय. फिल्टर रिकामाच बसवला असेल तर त्याच्या आकारानुसार अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त. तेवढं भरून घ्या.

तिसरं आणि शेवटचं बघणं दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचं गेज सगळ्यात खरं बोलतं. तोच आकडा धरायचा.

गेज वाचायचीही रीत आहे. पहिल्यांदा ओढलं ते वाचायचं नाही, कारण गेजची पट्टी नळीच्या भिंतीला लागून बरबटलेली असते. धागे न सुटणाऱ्या सुती फडक्यानं पुसा. दुकानातला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जातात. मग पूर्ण टेकेपर्यंत आत घाला, दोन-तीन सेकंद ठेवा, सरळ ओढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑईल वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं, तर खालचा आकडा खरा, वरचा नळीचा फराटा. नवं ऑईल मधासारखं पारदर्शक असतं, भर उन्हात पट्टीवर दिसतच नाही. तेव्हा पट्टी वहीच्या पांढऱ्या कागदावर टेकवा. ओल जिथं संपते तिथं डाग थांबतो. शंका वाटली तर पुन्हा पुसून तीनदा बघा, तीनदा सारखं आलं तरच माना.

वरच्या खुणेच्या किंचित खाली असलं तरी चालतं. ‘अगदी खुणेवर टेकवतो’ म्हणून शेवटची धार ओतणाऱ्यांनीच बहुतेक इंजिनांत जास्त ऑईल घातलेलं असतं. आपल्या मनात एक समजूत पक्की आहे की कमी असलं तर वाईट, जास्त असलं तर काय बिघडलं? बैलाला वैरण जास्त पडली तर बिघडत नाही, पण इंजिनाचं तसं नाही. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ऑईल घुसळतो, त्याला ताकासारखा फेस येतो. फेसाळलेल्या ऑईलमध्ये हवा असते, आणि पंप ती हवा बेअरिंगला देतो. प्रेशर खाली-वर होतं, सिलांतून ऑईल पाझरतं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडायच्या नळीतून, बाहेर येतं, धुराड्यातून निळा धूर निघतो. काही डिझेल इंजिनांत ब्रीदरचं तोंड हवेच्या वाटेला जोडलेलं असतं. तिथून जास्तीचं ऑईल आत ओढलं गेलं तर इंजिन डिझेल बंद करूनही थांबत नाही, स्वतःचंच ऑईल जाळत सुसाट पळतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. आमच्या घरी एका साली थोरल्या भावानं रात्री ऑईल भरलं. सकाळी मी गेज बघितलं, त्या वेळी ट्रॅक्टर गोठ्याच्या उतारावर उभा होता, पातळी कमी दिसली. मी दीड लिटर ओतलं. त्यानं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. दुपारी पाळी घालताना निळा धूर सुरू झाला, आणि गावातल्या जाणकारांनी पिस्टनच्या रिंगा गेल्याचं निदान करून टाकलं. इंजिन खोलायचं ठरलंही होतं. फिटरनं आधी ट्रॅक्टर सपाटीवर घ्यायला लावला, गेज ओढलं आणि हसला. नट सैल करून जास्तीचं ऑईल काढलं, दोन दिवसांत धूर गेला. रिंगा आजही त्याच आहेत.

आणखी एक तक्रार या दिवसांत हमखास कानावर येते. ‘नवं ऑईल दोन दिवसांत काळं झालं, दुकानदारानं फसवलं.’ डिझेल इंजिनात ऑईल काळं होणारच. जळणाची काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, आणि चेंबरात राहिलेलं थोडं जुनं ऑईलही नव्याला रंग देतं. रंगावरून मोजू नका.

पण ऑईल दुधाळ किंवा चहासारखं दिसलं, तर ते पाणी आहे. हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबरी रिंग तपासून घ्या. ट्रॅक्टर तोपर्यंत चालवू नका. आणि एक लक्षण लोकांना आनंदाचं वाटतं. काहीच न घालता गेजवरची पातळी वर चढत चालली, तर खूश होऊ नका. पट्टीचा वास घ्या, ऑईल दोन बोटांत चोळून बघा. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल पंप किंवा इंजेक्टरमधून डिझेल खाली उतरतंय. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. गळती काढल्यावर ऑईल पुन्हा बदलावं लागतं, मग ते काल बदललेलं असलं तरी.

ट्रॅक्टर नसलेल्यांसाठी थोडं. पॉवर विडरच्या, म्हणजे तण काढायच्या यंत्राच्या, लहान पेट्रोल इंजिनांत गेज झाकणालाच असतं, त्याला आटे असतात. होंडाच्या जीएक्स जातीच्या इंजिनांत ते आटे न फिरवता नुसतं टेकवून पातळी बघायची असते, तर काही दुसऱ्या इंजिनांत पूर्ण आवळून. या दोहोंत बराच फरक पडतो, त्यामुळे आपल्या यंत्राची पुस्तिका एकदा उघडा. विडर आणि टिलर उभे करताना पुढं झुकतात. कोकणात चिखलणीआधी टिलर तपासणाऱ्यांनी खाली विटा लावून इंजिन सरळ करून मगच गेज बघावं. पाठीवरचा टू-स्ट्रोक फवारणी पंप किंवा ग्रास कटर असेल तर गेज शोधत बसू नका. त्यात चेंबरच नसतो, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, प्रमाण पुस्तिकेतलं.

पेरणी सुरू झाली की रोज सकाळी, चालू करायच्या आधी, एकदा गेज बघायचं. किती घातलं ते आवर मीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. पन्नास तासांत किती लागलं हे कळलं तरच इंजिन ऑईल खातंय की नाही ते कळेल, नाही तर नुसतं ‘बरंच लागतंय’ एवढंच हाती उरतं. काढलेलं जुनं ऑईल ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा उकिरड्यावर ओतू नका, जनावरांच्या जखमेवर तर अजिबात लावू नका. रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, जुनं ऑईल नेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

आणि स्टीअरिंगला एक चिकटपट्टी लावा. तिच्यावर लिहा, ऑईल कुणी भरलं, किती लिटर, गेज कधी बघितलं. आमच्या घरी ही पट्टी त्या निळ्या धुरानंतर आली.