दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि फ्लाईटचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

बरेच जण नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी धरतात आणि म्हणतात झालं, एवढं अंतर. सपाट नकाशा इथेच फसवतो, कारण विमान गोल पृथ्वीच्या पाठीवरून जातं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक टोकियोवर दाबा, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि ताणा. दोरा आपोआप वर उत्तरेकडे सरकतो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. मुलांना तर हे नक्की करून दाखवा.

आकडा हवा असेल तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, राईट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि दुसऱ्या ठिकाणावर क्लिक करा. शहराच्या मध्यापासून नाही, विमानतळापासून मोजा. लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत साधारण ५,५४० किमी येतं. एखाद्या साईटवर नॉटिकल मैल दिले असतील तर १.८५२ ने गुणा, साधे मैल असतील तर १.६०९ ने.

आता वेळ. मोठं जेट वर पोचलं की ताशी ८५० ते ९०० किमीने जातं, म्हणून अंतराला ८५० ने भागा आणि वर अर्धा तास धरा, कारण रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात वेळ जातोच. ५,५४० ला भागलं की साडेसहा, अधिक अर्धा, म्हणजे सात तास. ३००-४०० किमीच्या फ्लाईटला मात्र हा हिशोब कमी पडतो, विमान पूर्ण वेग पकडतंय तोवर उतरायची तयारी सुरू होते, तिथे सरळ तासभर धरा.

आणि वारा विसरू नका! साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, थंडीत जास्तच. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येताना सातच्या आसपास तास लागतात आणि लंडनहून तिकडे जाताना आठच्या आसपास, अंतर तेच असून. रस्ता बंद असला तरी वेळ वाढतो. २०२२ मध्ये युरोपच्या विमान कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो फ्लाईट साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेली.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते तिकिटावरच्या वेळा वाचताना. सुटायची वेळ सुटण्याच्या शहराची असते, पोचायची वेळ पोचण्याच्या शहराची, त्यामुळे त्या सरळ वजा करूच नका, आधी दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत, आणा. समजा थंडीत टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात, टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे यूटीसी सकाळचे ८. लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला पोचलात, ते थंडीत ८ तास मागे, म्हणजे यूटीसी संध्याकाळचे ६. प्रवास १० तासांचा. उन्हाळ्यात काही देश घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा तारीख बघूनच फरक धरा.

कनेक्टिंग फ्लाईट असेल तर एवढ्यावर थांबू नका, फ्लाईटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साईटवर आपला फ्लाईट नंबर टाका आणि मागच्या सात-आठ दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता उतरलं ते बघा, त्यातला सगळ्यात उशिराचा दिवस धरूनच पुढचं तिकीट काढा.